अथेन्समध्ये ‘सात ठिकाणांचा पास’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

अथेन्सला जायचा बेत असेल तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. अक्रोपोलिस या टेकडीवरच्या प्राचीन मंदिरांच्या जागेसह सात प्राचीन ठिकाणं दाखवणारा एकत्रित पास आता मिळत नाही. ग्रीक सरकारनं तो एप्रिल २०२५ पासून बंद केला आहे. तरीही इंटरनेटवर तो राजरोस विकला जातोय. त्याच पासच्या नावाखाली सप्टेंबरमध्ये आम्हा नवरा-बायकोकडून १३० युरो, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास रुपये, उकळले. शिवाय ज्या दिवसाची वर्षभर वाट पाहिली त्याची अख्खी सकाळ गेली, ती वेगळीच.

हा पास पूर्वी खरोखरच होता, म्हणूनच हा डाव साधतो. ३० युरोंत अक्रोपोलिस, प्राचीन अगोरा (म्हणजे जुना बाजारचौक), रोमन अगोरा, हेड्रियनचं ग्रंथालय, केरामैकोसची स्मशानभूमी, ऑलिम्पियन झ्यूसचं मंदिर आणि अ‍ॅरिस्टॉटलच्या विद्यापीठाची जागा एवढं सगळं बघता यायचं. पास पाच दिवस चालायचा. २०२५ च्या आधी लिहिलेल्या जवळपास प्रत्येक प्रवासवर्णनात ‘एकत्रित तिकीटच घ्या, पैसे वाचतात’ हा सल्ला हमखास सापडतो. आता एकट्या अक्रोपोलिसचेच ३० युरो पडतात आणि अगोराचे वेगळे २०. ही जुनी माहिती हेच या लोकांचं भांडवल आहे. गिऱ्हाईक पासची चौकशी करतच येतं, त्याला पटवावंसुद्धा लागत नाही.

आम्हाला सापडलेली वेबसाइट शोधल्यावर सगळ्यात वर आली होती. निळ्या-पांढऱ्या रंगात, अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन या मुख्य मंदिराचा फोटो, कोपऱ्यात ग्रीक अक्षरांतला शिक्का आणि पत्त्यातच ‘अक्रोपोलिस’ हा शब्द. माणशी ६५ युरोंत सातही ठिकाणं, ‘रांग टाळून प्रवेश’ आणि वर अक्रोपोलिस म्युझियमही सामील. हे म्युझियम सरकारच्या एकत्रित तिकिटात कधीच नव्हतं. ती संस्था वेगळी, तिचं तिकीटही वेगळं. पैसे भरल्यावर ईमेलवर तिकीट आलं नाही, ‘व्हाउचर’ आलं. खरी तिकिटं आमचा प्रतिनिधी सकाळी साडेनऊला अक्रोपोली मेट्रो स्टेशनच्या बाहेर हातात देईल, दहाची वेळ आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

प्रतिनिधी वेळेवर हजर होता. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, फाइलमध्ये नावांची यादी. आमच्या नावापुढे त्यानं पेनानं खूण केली, ह्यांना हात जोडून ‘नमस्ते’ म्हणाला आणि दोन छापील कागद दिले. ‘सव्वादहानंतर आत सोडत नाहीत, लगेच निघा,’ हेही त्यानं बजावलं. यातलं सव्वादहाचं खरं आहे. अक्रोपोलिसला दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा घातलेली आहे आणि प्रवेश तासावार वाटून दिलेला असतो. तिकिटावरच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीपासून पंधरा मिनिटं नंतरपर्यंतच आत जाता येतं. या नियमाचा तो पुरेपूर उपयोग करत होता. माणूस घाईत असला की हातातला कागद निरखत बसत नाही.

डायोनिसस नाट्यगृहाच्या बाजूचं, दक्षिण उताराखालचं फाटक स्टेशनपासून अगदी जवळ आहे. तिथल्या यंत्रावर ह्यांचा कोड धरला, लाल दिवा. माझा धरला, पुन्हा लाल. फाटकावरच्या मध्यमवयीन बाईंनी दोन्ही कागद हातात घेतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं. तारखेतले आकडे बारीक, जरा राखाडी होते. ‘१०:००’ मात्र ठळक, काळं आणि ओळीपासून केसभर वर सरकलेलं. मूळ तिकीट सकाळी आठचं होतं आणि आठलाच त्यावर कुणीतरी आत गेलं होतं. आमच्या मागे उभ्या असलेल्या परदेशी जोडप्याचा कागदही त्यांनी मागून घेतला आणि आमच्या कागदाशेजारी धरला. कोड अक्षर न अक्षर तोच. एकच खरं तिकीट काढायचं, त्याच्या प्रती काढायच्या, वेळ बदलायची आणि पाच-दहा जणांना विकायची, असा हा धंदा. ‘एकत्रित तिकीट एप्रिलमध्येच बंद झालं,’ हे त्याच बाईंनी आम्हाला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका थकलेला होता की हे वाक्य त्या रोज म्हणत असणार.

धावत स्टेशनवर परत आलो तर तो मुलगा पसार. व्हाउचरवरचा नंबर लागेना.

ह्यांचा संताप मी शब्दांत सांगू शकत नाही. ज्या माणसानं प्राचीन अथेन्सचा नेता पेरिक्लिस याच्या काळावरची पुस्तकं वाचून वह्या भरल्या, त्याला टेकडीच्या पायथ्याशी दारातून माघारी फिरावं लागलं. लोक म्हणतील पैशांचं काय, जातात. पण एवढ्या लांब, आयुष्यात एकदाच येणाऱ्या माणसांची सकाळ हे लोक चोरतात, आणि मला त्याचीच जास्त चीड आहे.

फाटकावरच्या बाईंनीच १५७१ हा पर्यटक पोलिसांचा नंबर दिला. तिथे इंग्रजीतून बोलता आलं. त्यांनी प्रत्यक्ष येऊन लेखी तक्रार द्यायला सांगितलं. ह्यांचं म्हणणं होतं की त्यात आणखी वेळ घालवू नये. पण मी हट्टानं गेले आणि तक्रारीची शिक्का मारलेली प्रत घेतली. ती पुढे फार कामाला आली. तिथेच बसून फोनवर खरी तिकिटं काढली. सकाळ-दुपारच्या वेळा भरलेल्या होत्या, संध्याकाळी पाचची मिळाली. माणशी ३० युरो, लगेच ईमेलवर कोड, मध्ये कुणी प्रतिनिधी नाही.

दुपार म्युझियममध्ये काढली. २००९ मध्ये उघडलेल्या या इमारतीत काचेच्या जमिनीखाली उत्खननात निघालेली जुनी वस्ती दिसते. अक्रोपोलिसवरच्याच इरेक्थिऑन मंदिराच्या सहा स्त्री-स्तंभांपैकी पाच मूळ इथे उभ्या आहेत. सहावी लंडनला आहे आणि तिची जागा इथे रिकामी ठेवली आहे. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनच्या शिल्पपट्टीतले मूळ तुकडे मधासारख्या पिवळसर रंगाचे आहेत, आणि लंडनला गेलेल्या तुकड्यांच्या जागी प्लास्टरच्या पांढऱ्या प्रतिकृती बसवल्या आहेत. तिथे ह्यांनी बराच वेळ काढला. सकाळपासून पहिल्यांदा ते माझ्याशी नीट बोलले ते तिथेच.

पाचला वर चढलो. पायऱ्यांचा संगमरवर पावलांनी झिजून गुळगुळीत झालाय, बूट पकडीचे घाला. इसवी सनपूर्व ४४७ ते ४३२ या काळात उभं राहिलेलं पार्थेनॉनचं मंदिर दोन हजार वर्षं बऱ्यापैकी शाबूत होतं. तुर्कांनी आत दारूगोळा साठवला आणि २६ सप्टेंबर १६८७ रोजी व्हेनिसच्या तोफेचा गोळा त्यावर पडून मधला भाग उडाला. चौथऱ्याच्या कडेला डोळा लावून बघितलं की तो मध्यभागी किंचित फुगीर असल्याचं कळतं. खांबही आतल्या बाजूला जरासे कललेले आहेत. ह्यांनी मला खाली वाकायला लावून ते दाखवलं. हे सगळं सकाळच्या कोवळ्या उन्हात, ठरवल्याप्रमाणे बघायचं होतं.

आता तुमच्यासाठी. सरकारी तिकिटांची वेबसाइट एकच: इंग्रजीत ‘एचएच’ ही दोन अक्षरं, त्याला जोडून ‘टिकेट’, पुढे डॉट जीआर. शोधात वर आलेल्या दुव्यावर न जाता हा पत्ता स्वतः टाइप करा. पैसे भरताच कोड असलेलं तिकीट ईमेलवर यायला हवं. व्हाउचर, प्रतिनिधी, भेटीची जागा अशी भाषा दिसली तर तिथेच थांबा. परवानाधारक प्रवासी कंपन्या मार्गदर्शकासह सहली विकतात, त्या वेगळ्या. तिथे तुम्हाला माणूस आत घेऊन जातो, कागद देऊन पळत नाही. फाटकापाशी ‘गाइड हवा का’ म्हणत येणाऱ्यांकडे सरकारी परवान्याचं ओळखपत्र मागा. ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळांवर माहिती सांगण्याचं काम परवाना असलेल्या गाइडनंच करायचं असतं आणि कार्ड त्यांच्याकडे असतंच. मुलाबाळांसह जाणार असाल तर वयानुसार सवलती आहेत, त्याही सरकारी वेबसाइटवर बघा.

आणि पैसे क्रेडिट कार्डानं भरा. आम्ही भरले म्हणूनच बँकेकडे वाद नोंदवता आला. बँकेनं पोलिस तक्रारीची प्रत, व्हाउचरचा ईमेल, त्या बनावट कागदाचा फोटो आणि त्याच दिवशी काढलेल्या खऱ्या तिकिटांची पावती मागितली. सगळं जपून ठेवलं होतं, दिलं. दिवाळीनंतर रक्कम खात्यात परत आली. आम्हाला विकणारी ती वेबसाइट आता उघडत नाही. तोच फोटो लावून तोच पास विकणारी दुसरी एक मात्र परवा शोधलं तेव्हा पुन्हा सगळ्यात वर होती.