पक्षीगणनेचे थांबे: घाटरस्त्याच्या कडेला की रानाच्या आत?

आंबोलीसारख्या जंगलात नियमित पक्षीगणना सुरू करायची म्हटलं की पहिला वाद थांब्यांवरून, म्हणजे ठराविक वेळ उभं राहून पक्षी मोजायच्या जागांवरून होतो. गाडी लावून रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, की पायवाटेने शे-दीडशे मीटर आत शिरायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

रस्त्याला नावं ठेवणाऱ्यांनी जरा थांबावं. अमेरिकेतली ब्रीडिंग बर्ड सर्व्हे, म्हणजे विणीच्या हंगामातली पक्षीगणना, १९६६ पासून रस्त्याच्या कडेनेच चालते. एका मार्गावर ५० थांबे, प्रत्येक थांब्याला ३ मिनिटं. पाखरं गप्प व्हायच्या आत बरेच थांबे उरकतात, नवख्यांनाही बरोबर नेता येतं. फक्त रस्त्यावरून मोजलं जातं ते रानाच्या कडेचं रान. उजेड पडतो तिथे घाणेरी माजते, तिच्या फळांवर नारद बुलबुल येतात, तारेवर कोतवाल बसतो. नजरही लांब पोचते, त्यामुळे यांचे आकडे फुगतात आणि वहीत ते ‘जंगलाचे’ म्हणून जातात.

आत उलटं. नजर पंधरावीस पावलांवर अडते, बहुतेक नोंदी कानानेच करायच्या. कुटुरगा (तांबटाचा हिरवा भाऊबंद) साठ मीटरवर ओरडतोय की दीडशे, हे मला अजूनही छातीठोक सांगता येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाचोळा इतका वाजतो की पोचल्यावर चार-पाच मिनिटं गप्प उभं राहिल्याशिवाय मोजायला सुरुवातच करू नये. वनखात्याची परवानगी, जळवा, गवे हे ओघाने आलंच. थांबेही निम्मेच होतात.

तरी माझं मन वळवलं ते खालच्या गिअरमध्ये चढणाऱ्या ट्रकने. घाटात त्याची घरघर वळणावळणाने जवळ येते, लांब जाते, परत येते. दहा मिनिटांच्या गणनेतली दोन-तीन मिनिटं तो एकटाच खातो. तेवढी वाढवून घेऊ म्हणाल, तर दुखणं निराळंच आहे. पाचू कवड्याचं ‘हूँऽ’ इतकं खालच्या पट्टीतलं आणि दबकं असतं की नेमकं ते इंजिनाच्या आवाजात जिरतं. कुटुरगा मात्र त्यावरून स्वच्छ ऐकू येतो, त्यामुळे काही हुकतंय अशी शंकाही येत नाही. एकदा रस्त्यावर पाचू कवडा शून्य लिहिला आणि त्याच सकाळी आतल्या थांब्यावर तो दोन बाजूंनी घुमत होता.

बरं, ही चूक दरवेळी सारखी असती तर वजा करून टाकली असती. पण मंगळवारचा घाट वेगळा आणि पावसाळ्यातला, धबधब्याला गर्दी लोटलेला रविवार वेगळा. पाच वर्षांनी आकडा घसरलेला दिसला तर कवडे घटले म्हणायचं की गाड्या वाढल्या?

हा अर्थात माझ्या कानांचा अनुभव, मोजमाप नव्हे. हाताशी माणसं बरीच आणि प्रश्न बुलबुल-कोतवालांसारख्या नेहमीच्या पक्ष्यांचा असेल, तर रस्ता वाईट नाही. पण कर्णा (ट्रोगॉन पक्षी), पाचू कवडा, पाचोळा उलथणारे सातभाई यांच्यासाठी मोजणार असाल, तर मी थोडेच का होईना, आतलेच थांबे घेईन, एकमेकांपासून अडीचशे मीटर तरी लांब आणि ओढ्याच्या खळखळाटापासून दूर. दोन्हीकडे मोजायचं ठरलं तर बेरीज वेगवेगळी ठेवा, आणि रस्त्याच्या तक्त्यात गेलेल्या गाड्यांसाठी एक रकाना आखून घ्या.