ऑर्का आणि पांढरा शार्क मॉडेल संच: पोट उघडतं हे उत्तम, पुस्तिका मात्र रद्दीत टाका

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर, खेळण्यांच्या होलसेल दुकानांत हा संच सध्या मिळतो. खोक्यावर कंपनीचं नाव नाही, नुसतं ‘समुद्रातले शिकारी’. आत मऊ पीव्हीसीचा ऑर्का (किलर व्हेल, म्हणजे डॉल्फिनच्या कुळातला मोठा शिकारी), तसाच पांढरा शार्क, एक सील, पारदर्शक स्टँड आणि सोळा पानी पुस्तिका. सुट्टा पीस ६५० रुपये सांगतात, तीन घेतले तर ५५० ला सोडतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घ्यावा का? घ्यावा. पण खोक्यातून काढून तसाच टेबलावर मांडू नये.

घेण्याचं कारण एकच, शार्कचं पोट उघडतं. छातीच्या दोन परांच्या मधून मागे जाणारं झाकण लोहचुंबकावर बसवलंय. ते काढलं की आत रबरी यकृत. बाजारातल्या बाकी मॉडेलांत शार्क म्हणजे जबडा आणि दात, बस्स. ऑर्का शार्कची शिकार करतो ती मुख्यतः यकृतासाठी, हे इथे निदान बनवणाऱ्याला ठाऊक होतं. शार्कला हवेची पिशवी नसते. तेलाने भरलेलं यकृत त्याला पाण्यात हलकं ठेवतं आणि लांबच्या प्रवासात इंधन म्हणूनही तेच पुरवून पुरवून वापरलं जातं. मोठ्या पांढऱ्या शार्कमध्ये ते एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत जातं, म्हणजे एक टनाच्या माशात अडीचशे किलोपर्यंत ऐवज, तोही एकाच जागी. बाकीचा मासा ऑर्का बरेचदा तसाच टाकून जातात.

संचातलं यकृत मात्र जेमतेम दोन सेंटिमीटरचं आणि मटणाच्या कलेजीसारखं लालभडक. खरं यकृत फिकट, पिवळट-तपकिरी असतं, लांब पाळ्यांचं आणि पोटाच्या पोकळीत जवळपास या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं. रबरी तुकडा काढून टाका. हवेत वाळणाऱ्या क्लेमध्ये पिवळा रंग आणि किंचित तपकिरी मळून सात-सात सेंटिमीटरच्या दोन वळ्या करा, पुढच्या टोकाला जोडा आणि पोकळी बहुतेक भरेल अशा बसवा. क्ले वाळताना आकसते, तेव्हा सुरुवातीला थोडी जास्तच घ्या. तेलकट क्ले नको, ती पीव्हीसीला चिकटून बसते आणि मग झाकण लागत नाही.

प्रमाणात मोठा घोळ आहे. ऑर्का २० सेंटिमीटर, शार्क १९. सात मीटरचा नर धरला तर ऑर्काचं प्रमाण १:३५ येतं, आणि त्याच मापाने साडेचार मीटरची शार्क मादी १३ सेंटिमीटरची हवी. हा १९ सेंटिमीटरचा शार्क प्रत्यक्षात साडेसहा मीटरच्या पुढे जातो. सहा मीटरचा पांढरा शार्कसुद्धा दुर्मीळ असतो! दोघं शेजारी ठेवले की बरोबरीची कुस्ती वाटते, आणि बघणाऱ्याचा गैरसमज तिथेच पक्का होतो. म्हणून पोट उघडणारा शार्क वेगळ्या स्टँडवर ‘प्रमाण वेगळे’ अशा चिठ्ठीसह ठेवा, आणि ऑर्काशेजारी १३ सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा शार्क कापून लावा.

ऑर्काच्या पाठीवरचा पर ३ सेंटिमीटर आहे, म्हणजे खऱ्यात एक मीटरच्या आसपास. पूर्ण वाढलेल्या नराचा पर १.८ मीटरपर्यंत जातो, इथे ५ सेंटिमीटर हवा. खोक्यावर ‘नर’ छापलंय, पर मादीचा. नरच हवा असेल तर २ मिलिमीटरच्या काळ्या फोम शीटचा पर कापून चिकटवा. डोळ्याची चूक तर नेहमीचीच, पांढऱ्या ठिपक्यातच डोळा रंगवलाय. खरा डोळा त्या ठिपक्याच्या पुढच्या टोकाखाली, काळ्या कातडीत असतो आणि चटकन दिसतही नाही. ऑर्काला शार्कसारखे त्रिकोणी दात दिलेत, तेही चूक. ऑर्काचे दात शंकूसारखे, एकूण ४० ते ५६, पकडून ओढण्यासाठी. करवतीच्या धारेचे त्रिकोणी दात शार्कचे. शेपट्या मात्र बरोबर आहेत, शार्कची उभी, ऑर्काची आडवी. शार्कचे पाच कल्लेही मोजून बरोबर.

पॅकिंगमध्ये दाबून शार्कचे छातीचे पर वाकलेले निघतात. पोटाचं झाकण आधी काढा, नाहीतर चुंबकाचा गोंद सुटतो. मग ७०-८० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, बोटांनी सरळ करा आणि तसंच धरून थंड पाण्यात बुडवा. उकळतं पाणी नको, रंग सुटतो.

आता पुस्तिका. नवव्या पानावर ऑर्का शार्कच्या पाठीचा लचका तोडताना दाखवलाय, खाली ‘एका घासात गिळतो’. साफ खोटं. ४ ऑक्टोबर १९९७ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरलॉन बेटांपाशी पर्यटकांच्या बोटीसमोर एका ऑर्का मादीने पांढरा शार्क धरला आणि सुमारे पंधरा मिनिटं उताणा ठेवला. उताणा केला की शार्क बधिर होतो, शिवाय पुढे सरकता येईना की कल्ल्यांतून पुरेसं पाणी जात नाही आणि तो गुदमरतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७ मध्ये गान्सबाईच्या किनाऱ्यावर मेलेले पांढरे शार्क लागले, तेव्हा छातीच्या परांमध्ये फाडलेलं आणि यकृत गायब होतं. संशय गेला तो पोर्ट आणि स्टारबोर्ड या नर ऑर्कांच्या जोडीवर. पोर्टचा पर डावीकडे कललेला, स्टारबोर्डचा उजवीकडे (फोमचा पर इथे आयताच कामी येतो). जून २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच मॉसेल बेजवळ एकट्या स्टारबोर्डने अडीच मीटरचा कोवळा शार्क दोन मिनिटांच्या आत संपवला, डावा छातीचा पर तोंडात धरून. टेबलावर मांडणी करायची तर तीच करा: पुठ्ठ्याच्या शार्कचा डावा पर ऑर्काच्या तोंडात.

‘दोघे हद्दीसाठी लढतात’ हे वाक्यही खोडा. शार्क लढत नाही, निघून जातो. फॅरलॉनला खुणेचे ट्रान्समीटर लावलेल्या शार्कांवरून दिसलं की ऑर्का तासाभरासाठी फिरकले तरी शार्क लगेच पांगतात आणि बहुतेक त्या हंगामात परत येतच नाहीत. त्या वर्षी शार्कांकडून होणारी एलिफंट सीलची शिकारही घटते. पुस्तिकेत हे एक पान असतं तर ती ठेवावीशी वाटली असती.

सील ठीकठाक आहे. स्टँड शार्कला आडवा धरतो, तो तिरपा करा. सीलची शिकार करताना पांढरा शार्क खालून, गडद तळाच्या आडोशाने वर झेपावतो. पाठ काळपट आणि पोट पांढरं, ते उगाच नाही.

खरेदी करताना झाकण दुकानातच चार-पाच वेळा उघडझाप करून बघा. चुंबक जरा जरी हलत असेल तर पीस बदलून घ्या. सुटे चुंबक पोटात गेले तर आतड्याला भोक पडू शकतं, तेव्हा लहान मुलांच्या हाती हा संच नकोच. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. आणि पक्कं बिल मागा, त्याशिवाय पीस बदलून मिळणं कठीण.