अल्पधातू राक्षसी तारे: प्रोजेक्टसाठी रसायन निवडावं की चमकेतले बदल?

मुंबईत एमएस्सी फिजिक्स करणाऱ्या आणि खगोलभौतिकीकडे ओढा असलेल्या मुलामुलींचं घोडं प्रोजेक्ट ठरवताना एका ठरावीक ठिकाणी अडतं. विषय पक्का असतो: आकाशगंगेतले फार जुने, धातू अगदी कमी असलेले राक्षसी (म्हणजे आयुष्याच्या उत्तरार्धात फुगलेले) तारे. पण त्यांच्यात कोणती मूलद्रव्यं किती आहेत हे मोजायचं, की त्यांच्या चमकेतले बदल? एका शैक्षणिक वर्षात, लेक्चरं आणि लोकलचा प्रवास सांभाळून, दोन्ही नीट होत नाही.

माझं मत आधीच सांगतो. पद्धत नंतर ठरवा, आधी तारा निवडा. रसायनासाठी जे तारे सर्वोत्तम असतात ते चमकेच्या बाबतीत जवळजवळ स्थिर असतात. आणि जे जोरात स्पंदन पावतात, त्यांचा चांगला वर्णपट (प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड) मिळवताना घाम फुटतो. बहुतेक प्रोजेक्ट फसतात ते पद्धतीला न जुळणारा तारा घेतल्यामुळे.

थोडी पार्श्वभूमी. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळं धातूंत मोजतात, कार्बन आणि ऑक्सिजनसुद्धा. लोहाचं प्रमाण सूर्याशी तुलना करून लॉगच्या पट्टीवर सांगतात: उणे १ म्हणजे सूर्याच्या दहावा हिस्सा, उणे २ म्हणजे शंभरावा, उणे ३ म्हणजे हजारावा. उन्हाळ्याच्या रात्री डोक्यावर येणारी आपली स्वाती जवळपास उणे ०.५ वर आहे, म्हणजे तिच्यात लोह सूर्याच्या साधारण एक तृतीयांश. खरे अल्पधातू तारे उणे १ च्या खाली सुरू होतात. त्यातले राक्षसी तारे मुद्दाम निवडले जातात, कारण ते तेजस्वी असल्याने दूरवरूनही दिसतात आणि त्यांच्या थंड वातावरणात विरळ मूलद्रव्यांच्या वर्णपटरेषाही (ठरावीक रंगाचा प्रकाश शोषला गेल्याच्या खुणा) जरा ठळक उमटतात.

रसायनाची बाजू

या बाजूचा आदर्श तारा म्हणजे एचडी १२२५६३. भूतप तारकासमूहात, स्वातीच्या दक्षिणेला साधारण दहा अंशांवर, ६.२ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधुक). एप्रिल-मे महिन्यांत तो मुंबईवरून जवळजवळ डोक्यावरून जातो. शहरातून आशा नको, पण वांगणीसारख्या ठिकाणाहून द्विनेत्रीतून सापडतो. १९६३ साली जॉर्ज वॉलरस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यातली धातूंची कमालीची टंचाई दाखवून दिली. लोह सुमारे उणे २.७, म्हणजे सूर्याच्या पाचशेव्या हिस्स्याच्या आसपास. साठ वर्षांत त्याच्यावर इतकं काम झालंय की नवशिक्याला आपलं उत्तर तपासून पाहायला भरपूर आधार मिळतो. प्रोजेक्टसाठी याचं मोल फार मोठं आहे.

प्रत्यक्ष काम कसं असतं? युरोपियमची ४१२९ अँगस्ट्रॉमजवळची रेषा घ्या. ती निळ्या भागात येते आणि तांबूस राक्षसी तारा नेमका तिथेच कमी प्रकाश देतो. आधी आलेख सरळ करायचा, म्हणजे रेषा नसत्या तर प्रकाश किती असता ती पातळी ठरवायची. ही पातळी अर्धा-एक टक्का इकडेतिकडे झाली तरी बारीक रेषेचं मोजमाप हलतं. मग ताऱ्याचं तापमान ठरवायचं. त्यासाठी कमी ऊर्जेच्या आणि जास्त ऊर्जेच्या लोहरेषांतून लोहाचं सारखंच उत्तर यायला हवं. पृष्ठावरचं गुरुत्व साध्या आणि आयनित लोहाचा मेळ घालून काढायचं. तापमानात १०० केल्व्हिनची चूक झाली तर लोहाचं उत्तर साधारण ०.१ ने सरकतं. शिवाय अल्पधातू ताऱ्यांच्या विरळ वातावरणात अणू स्थानिक उष्मीय समतोल (म्हणजे फक्त तिथल्या तापमानावरून ठरणारी स्थिती) पाळत नाहीत, त्याची दुरुस्ती वेगळी. मूग नावाची संगणक प्रणाली हे गणित करते, पण तिला दिलेली रेषांची यादी आणि वातावरणाचं प्रारूप तुम्हाला समजलेलं असावं लागतं. हे शिकायला वेळ लागतो आणि शेजारी बसून शिकवणारं माणूस लागतं. ते नसेल तर ही वाट धरू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

मिळतं काय, तर ताऱ्याच्या जन्माची हकिकत. कुंभ राशीतला सीएस २२८९२-०५२ हा तारा लोहाच्या बाबतीत उणे ३.१ वर आहे. पण लोहाच्या मानाने त्याच्यातलं युरोपियम सूर्याच्या चाळीसपट आहे. म्हणजे त्याच्या जन्माआधी जवळपास कुठेतरी न्यूट्रॉनांचा प्रचंड मारा होऊन जड मूलद्रव्यं तयार झाली होती. एचडी १२२५६३ मध्ये उलट जड मूलद्रव्यांची वानवा. दोघेही जुने, दोघेही अल्पधातू, पण दोघांची घडण वेगळी. २००१ साली तिमिंगल तारकासमूहातल्या सीएस ३१०८२-००१ मध्ये युरेनियमची रेषा मोजली गेली आणि त्याच्या किरणोत्सारी ऱ्हासावरून ताऱ्याचं वय सुमारे १२.५ अब्ज वर्षं निघालं. त्या आकड्यात ३ अब्ज वर्षांची अनिश्चितता होती. तरीही एका अंधुक रेषेवरून विश्वाच्या वयाच्या जवळ पोचता येतं, हे मला आजही थक्क करणारं वाटतं.

साधनांचं म्हणाल, तर भारतात लडाखच्या हान्ले इथली दोन मीटरची हिमालयीन चंद्रा दुर्बीण आणि तमिळनाडूतल्या कावलूरची २.३ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण, दोन्हींवर उच्च विभेदनाचे वर्णपटमापक आहेत. पण वेळ मिळवायला प्रस्ताव लागतो, तो मान्य व्हावा लागतो, आणि दिलेल्या रात्री ढग आले तर पुढच्या संधीची वाट पाहायची. म्हणून नवीन निरीक्षणांवर प्रोजेक्ट बेतू नका. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या अभिलेखागारातले जुने वर्णपट सगळ्यांना खुले आहेत, त्यावर काम करा.

चमकेची बाजू

इथे पहिला सल्ला: एचडी १२२५६३ सारखा तारा घेऊ नका. त्याच्यात स्पंदनं आहेत, पण ती इतकी सूक्ष्म की तेनेरीफ बेटावरच्या साँग दुर्बिणीने ताऱ्याचा अरीय वेग (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग) चिकाटीने मोजला, तेव्हा २०१९ साली साधारण चार दिवसांच्या आवर्तनाची स्पंदनं जाहीर झाली. हे एमएस्सीचं काम नव्हे. कारणही समजण्यासारखं आहे. मीरासारख्या थंड, संथ स्पंदन पावणाऱ्या राक्षसी ताऱ्यांत दृश्य चमक प्रचंड बदलते, त्यात थंड वातावरणात तयार होणाऱ्या टायटॅनियम ऑक्साइडचा मोठा वाटा असतो. धातूच कमी, तर तो रेणू कमी, आणि ताराही तुलनेने उष्ण. धातू जास्त असलेल्या बंदिस्त तारकागुच्छांत मीरा तारे सापडतात, अगदी अल्पधातू गुच्छांत जवळपास नाहीत.

मग रूपविकारी, म्हणजे चमक ठळकपणे बदलणारे, कोण? आरआर लायरी जातीचे तारे. तांबड्या राक्षसी अवस्थेतून पुढे जाऊन गाभ्यात हेलियम जाळणारे, बरेचसे अल्पधातू. स्वरमंडळातला खुद्द आरआर लायरी साधारण ७.१ ते ८.१ प्रतीच्या दरम्यान फिरतो, ०.५६६८ दिवसांत, म्हणजे साडेतेरा तासांहून जरा जास्त वेळात. त्याची रात्रीची सोयीची वेळ नेमकी आपल्या पावसाळ्यात येते. पण ऑक्टोबरात आकाश निवळलं की संध्याकाळी सातच्या सुमारास तो अजून बराच वर असतो. अभिजित शोधला की जवळच. डीएसएलआर कॅमेरा आणि ट्रायपॉडवरसुद्धा त्याचे बदल पकडता येतात.

मुख्य काम मात्र लॅपटॉपवर होतं. नासाचा टेस उपग्रह आकाशाचा एक पट्टा सलग २७ दिवस बघतो. तेवढ्यात या ताऱ्याची सत्तेचाळीसेक आवर्तनं होतात. आधार सामग्री (डेटा) मोफत, पायथनमधली लाइटकर्व्ह ही प्रणालीही मोफत. आवर्तनकाल काढून सगळे बिंदू एकाच आवर्तनात घडी घालून मांडले, की चढ झटपट आणि उतार संथ असा तो वक्र पडद्यावर उभा राहतो. हे पहिल्या काही आठवड्यांत होतं आणि त्यातून येणारा हुरूप पुढे महिनोन्‌महिने पुरतो. मग बिंदू वक्रावर नीट बसत नाहीत हे लक्षात येतं: स्पंदनाचा आकारच साधारण ४० दिवसांच्या चक्रात बदलतो, ज्याला ब्लाझ्को परिणाम म्हणतात. टेसच्या एका पट्ट्यात हे चक्र पूर्ण मावत नाही. सुदैवाने हा तारा केप्लर दुर्बिणीच्या क्षेत्रातही होता, त्यामुळे लांबलचक सलग नोंदी उपलब्ध आहेत. टेसचा एक पिक्सेल २१ कोनीय सेकंदांचा आहे, तेव्हा तारकागुच्छातल्या गर्दीतले तारे मात्र टाळा.

चमकेवरून रसायनही काढता येतं, ही या बाजूची सर्वात सुंदर गोष्ट. १९९६ साली योहाना युर्चिक आणि गेझा कोवाच यांनी दाखवलं की आरआर लायरी ताऱ्याचा आवर्तनकाल आणि त्याच्या प्रकाशवक्राचा आकार यांवरून लोहाचं प्रमाण काढता येतं. ब्लाझ्को नसलेले पाच-दहा तारे घेऊन हे करा, आणि वर्णपटावरून आलेल्या छापील आकड्यांशी ताडून पाहा. एका सत्राचा उत्तम प्रोजेक्ट आहे. मात्र यातून एकट्या लोहाचा अंदाज येतो, युरोपियम-बेरियमची गोष्ट हाती लागत नाही.

याच ताऱ्यांचं रसायन थेट वर्णपटावरून करायचं म्हटलं, तर अडचण अशी की पृष्ठाचा वेग एका आवर्तनात सेकंदाला पन्नासहून अधिक किलोमीटरने बदलतो. प्रकाश जास्त वेळ साठवला तर धावत्या लोकलच्या पाटीचा फोटो काढल्यासारख्या रेषा फराटतात. थोडा वेळ साठवला तर अंधुक ताऱ्याचा वर्णपट गोंगाटातच बुडतो.

दोन्ही जिथे भेटतात

एक गट असा आहे जिथे बदल आणि रसायन एकमेकांशिवाय समजतच नाहीत: कार्बन आणि बेरियम दोन्ही भरपूर असलेले अल्पधातू राक्षसी तारे. ही मूलद्रव्यं त्यांनी स्वतः बनवलेली नाहीत. शेजारचा तारा फुगला, त्याने आपलं द्रव्य यांच्यावर ओतलं आणि आता तो श्वेत बटू (ताऱ्याचा उरलेला लहान, घट्ट गाभा) होऊन बसलाय. पुरावा अरीय वेगातल्या बदलांत मिळतो. यातले बहुतेक तारे द्वैती, म्हणजे जोडीने फिरणारे, निघतात. कार्बन भरपूर पण बेरियम नाही असे तारे मात्र बव्हंशी एकटे असतात. विषय मोहक आहे, पण कक्षेचे काल शेकडो दिवसांपासून अनेक वर्षांपर्यंत जातात. पीएचडीसाठी राखून ठेवा.

कोणी काय घ्यावं?

हातात एकच सत्र असेल, गाईडचं काम दुसऱ्याच क्षेत्रातलं असेल, किंवा नोकरी सांभाळून शिकत असाल, तर आरआर लायरी आणि टेस घ्या, बिनधास्त. पायथन आणि आवर्तनशोधाचं गणित पुढे कुठल्याही क्षेत्रात उपयोगी पडतं. पूर्ण वर्ष असेल, वर्णपट वाचणारा मार्गदर्शक असेल आणि पुढे संशोधनातच राहायचं असेल, तर एचडी १२२५६३ घ्या, तोही अभिलेखागारातल्या वर्णपटांवर. चमकेचं काम सोपं म्हणून हलकं समजू नका, आणि रसायन अवघड म्हणून ते जास्त मानाचं, असंही धरून चालू नका.

रसायनाकडे कल असेल तर गाईडला पहिल्याच भेटीत विचारा: वर्णपट हातात आहेत का, आणि त्यांत ४१२९ अँगस्ट्रॉमच्या आसपास संकेत गोंगाटाच्या किती पट आहे? उत्तर शंभराच्या पुढे असेल तर कामाला लागा. त्याहून बरंच कमी असेल, तर युरोपियम सोडून लोह आणि मॅग्नेशियमवर बोलणं सुरू करा. मॅग्नेशियमच्या ५१६७ ते ५१८३ अँगस्ट्रॉममधल्या तीन रेषा अशा वर्णपटातही ठळक दिसतात.