गंधकाचं व्हेपोरायझर: भुरीवर चोख, पण बंद रात्रीची किंमत मोजून

दुकानात आणि बोलण्यात याला ‘सल्फर बर्नर’ म्हणतात, आणि निम्म्या चुका या नावातूनच सुरू होतात. हे यंत्र गंधक जाळण्यासाठी नाही. गंधक वितळवून त्याची संथ वाफ करणं, एवढंच त्याचं काम. पीक काढल्यावर रिकाम्या हरितगृहात गंधक पेटवून धुरी देतात ती वेगळी. तिच्यात सल्फर डायऑक्साइड तयार होतो, आणि तो उभ्या पिकाला लागला तर पानाचा शिरांच्या मधला भाग भाजून पांढरा पडतो. व्हेपोरायझरमधली वाफ वर चढते, थंड होते आणि गंधकाचे बारीक कण होऊन पानांवर, देठांवर, कळ्यांवर बसते. भुरीचे, म्हणजे पानांवर पांढरी पावडर धरणाऱ्या बुरशीचे, बीजाणू रुजू नयेत यासाठी तेवढा पातळ थर पुरतो.

बाजारात याचे दोन प्रकार दिसतात. बाहेरून सारखेच: 75 ते 100 वॉटची हीटिंग कॉइल, तिच्यात बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा कप, वर पत्र्याची टोपी, टांगायला साखळी. फरक आत. एकात तापमान आवरणारा थर्मोस्टॅट असतो, दुसऱ्यात नुसती कॉइल. गुण आधीच सांगून टाकतो: थर्मोस्टॅटवाल्याला पाचपैकी साडेतीन. नुसत्या कॉइलवाल्याला दीड, आणि तोही कप बरा असतो म्हणून.

कारण सगळा खेळ तापमानाचा आहे. गंधक 115 ते 119 अंश सेल्सिअसला वितळतं. वितळल्यावर ते मधासारखं पिवळं आणि पाण्यासारखं पातळ असतं. 159 अंशांच्या पुढे गेलं की त्याची तऱ्हाच बदलते: रंग तांबडा-तपकिरी होतो आणि द्रव काकवीसारखा घट्ट होतो. आणखी तापवत नेलं तर 232 अंशांच्या आसपास ते हवेत आपोआप पेट घेतं. म्हणजे कपातला रंग हाच फुकटचा तापमापक. पिवळं आणि पातळ असेल तर यंत्र ठीक चाललंय. तांबडं आणि दाट दिसलं, तार बुडवून उचलल्यावर पाकासारखा धागा निघाला, तर ते गरजेपेक्षा जास्त तापतंय. (कपात पानांचा कचरा किंवा किडे पडून करपले तरी रंग काळवंडतो. त्यामुळे पाहणी स्वच्छ कपात, ताज्या गंधकावर करावी.)

नुसत्या कॉइलचा घोळ विजेच्या दाबामुळे होतो. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. 230 व्होल्टला 100 वॉट देणारी कॉइल 260 व्होल्टला सुमारे 128 वॉट देते, आणि 190 ला जेमतेम 68. शिवाय ही यंत्रं चालतात रात्री, जेव्हा आजूबाजूचा भार उतरलेला असतो आणि दाब चढतो. संध्याकाळी बेताने वितळलेलं गंधक मध्यरात्री तांबडं होतं, आणि ते बघायला तिथे कोणी नसतं. थर्मोस्टॅट असेल तर हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

म्हणून आत टांगण्याआधी प्रत्येक यंत्राची मोकळ्या हवेत चाचणी घ्या. कप अर्धा भरायचा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहायचं, दोन तास चालू ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांनी थर्मोकपलची (तापमान मोजणारी) सळई द्रवात बुडवून आकडा टिपायचा. 159 च्या आत येऊन थांबलं तर उत्तम. थोडं वर जाऊन स्थिरावलं तर चालवून घेता येईल. दोन तासांनंतरही आकडा चढताच असेल आणि 190-200 कडे सरकत असेल, तर ते यंत्र परत करा. एकाच खोक्यातल्या दहा यंत्रांचे आकडेही एकसारखे येतील असं धरून चालू नका.

नाकही कामाला येतं. सकाळी दार उघडल्यावर गंधकाचा मंद, कोंदट वास येणं साहजिक आहे. पण आगकाडी ओढल्यावर येतो तसा घशाला टोचणारा वास आला, तर रात्री कुठेतरी गंधक जळलंय. जळत्या गंधकाची ज्योत फिकट निळी असते, उजेडात दिसतही नाही. तेव्हा वीज बंद करून कपावर पत्रा झाका किंवा कोरडी वाळू टाका. पाण्याची धार मारू नका, वितळलेलं गंधक उडतं.

आता कपात काय घालायचं. यंत्राबद्दलच्या निम्म्याहून अधिक तक्रारी खरं तर चुकीच्या गंधकाच्या असतात. हवं ते 99 टक्क्यांवर शुद्ध, दाणेदार किंवा पापडीच्या रूपातलं. फवारणीसाठी मिळणारी पाण्यात मिसळणारी 80 टक्के भुकटी यात चालत नाही. तिच्यातली बाकीची द्रव्यं करपतात आणि वर काळपट साय धरते. खत म्हणून मिळणारं 90 टक्के दाणेदार गंधकही चालत नाही, आणि ते दिसायला अगदी बरोबर वाटतं म्हणून जास्त फसवतं. त्यातली उरलेली जवळपास दहा टक्के बेंटोनाइट माती कपाच्या तळाशी पोळीसारखी बसते, उष्णता वर जाऊ देत नाही, आणि तळ तापत राहतो. पोतं घेताना चार दाणे पाण्यात टाकून पाहा. खताचा दाणा फुगून विरघळल्यासारखा पसरतो, शुद्ध गंधक जसंच्या तसं राहतं. कप अर्ध्याहून फार वर भरू नये. साखळी हलली तरी सांडता कामा नये.

बसवणं अवघड नाही. साधारण 100 चौरस मीटरला, म्हणजे जवळपास एका गुंठ्याला, एक यंत्र. म्हणजे दोन यंत्रांत सुमारे दहा मीटर अंतर. शेंड्यांपासून मीटर-दीड मीटर वर, झाडांच्या डोक्यावर नाही तर वाटेवर टांगायचं, आणि छताच्या प्लास्टिक कागदापासून जितकं दूर ठेवता येईल तितकं. टोपी काढून चालवू नका. ती नसेल तर वाफेचा खांब सरळ कागदावर आपटतो आणि तिथे पिवळा चट्टा धरतो. वीस गुंठ्यांना वीस यंत्रं म्हणजे 2 किलोवॉट, जवळपास 9 अँपिअर. छोट्या टायमरवर हा भार थेट टाकू नका, मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा विजेचा स्विच) घाला. फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारी यंत्रणा) असलेल्या घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. हवा फिरवणारे आतले पंखे मंद चालू असले तर कण पानांच्या खालच्या बाजूलाही पोचतात. बाहेर फेकणारे पंखे मात्र बंद.

वेळ रात्रीची. घर बंद ठेवता येतं, तापमान उतरलेलं असतं, पर्णरंध्रं बहुतेक मिटलेली असतात आणि आत माणूस नसतो. रोग येऊ नये म्हणून आठवड्यातून तीन-चार रात्री, दोन ते चार तास. ठिपके दिसायला लागले असतील तर आठवडाभर रोज. वातावरण मानवलं तर भुरी बीजाणूपासून बीजाणूपर्यंतचा फेरा पाच-सात दिवसांत पुरा करते. त्यामुळे दहा-बारा दिवस यंत्र बंद ठेवून नंतर एका रात्रीत भरपाई करण्याला अर्थ नाही. सकाळी पडदे उघडून घर मोकळं होऊ द्यावं, मगच मजूर आत सोडावेत. गंधकाच्या कणांनी डोळे चुरचुरतात आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो.

परिणाम? गुलाब, जरबेरा, काकडी, स्ट्रॉबेरी यांच्या भुरीवर हे यंत्र चोख आहे. या पिकांत बुरशी पानाच्या वरच राहते, गंधकाच्या थेट तावडीत. शिवाय गंधक बुरशीवर एकाच जागी नाही तर अनेक जागी घाव घालतं, त्यामुळे बुरशी त्याला सरावत नाही. आंतरप्रवाही (झाडात शोषल्या जाणाऱ्या) औषधांच्या बाबतीत असं म्हणता येत नाही. ढोबळी मिरचीची भुरी मात्र वेगळी. तिची बुरशी लेव्हेइलुला पानाच्या आत शिरून वाढते आणि खालच्या बाजूने पर्णरंध्रांतून बाहेर डोकावते. वर पिवळे डाग, खाली पांढरी पावडर. डाग दिसले तेव्हा बुरशी आत बसलेली असते, आणि गंधक तिथवर पोचत नाही. मिरचीत हे यंत्र लागवडीनंतर लवकर सुरू केलं तरच उपयोगाचं. उशिरा सुरू करून यंत्राला दोष देणारे बरेच असतात.

गुण आला की नाही हे कसं ओळखायचं? नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर गंधकाची पूडही पांढुरकी आणि भुरीही पांढुरकी. दहापट भिंग घ्या. जिवंत भुरीचा ठिपका मखमलीसारखा उभा दिसतो, त्यात बीजाणूंच्या बारीक माळा असतात. मेलेला ठिपका चपटा, मळकट, तपकिरी झाक असलेला, कापसाचा बोळा पाण्यात पिळून वाळवावा तसा. गंधकाचे कण सुटे-सुटे, गोलसर आणि पिवळट. पाच झाडं खुणेची दोरी बांधून ठेवावीत, प्रत्येकाची दोन-दोन पानं दर तीन दिवसांनी पाहावीत. नव्या, नुकत्या उमललेल्या पानांवर ठिपका येत नसेल तर यंत्र काम करतंय. जुनी पानं स्वच्छ होण्याची वाट पाहू नका, ती तशीच राहणार.

साडेतीनच गुण का, याचं उत्तर बंद रात्रीत आहे. चार तास पडदे लावून घर कोंडलं की आर्द्रता चढते, पहाटे कागदाला आणि पाकळ्यांना दव धरतं. भुरीच्या बीजाणूला रुजायला पाण्याचा थेंब लागत नाही, पण केवडा आणि करडी बुरशी नेमकी त्याच थेंबाची वाट पाहत असतात. वाफेच्या रूपातलं गंधक या दोघांना रोखत नाही. मूळकूज आणि मर यांच्याशी तर त्याचा संबंधच नाही. म्हणजे भुरी आवरली आणि आठवड्याने कळ्या करड्या पडायला लागल्या, असं होऊ शकतं. वाट एकच: यंत्र संध्याकाळी लवकर सुरू करा, मध्यरात्रीच्या आत थांबवा, त्यानंतर तासाभराने छताची झडप थोडी उघडी ठेवा. पहाटेचं दव नेहमीच जड पडतं अशा दिवसांत यंत्र एक-दोन रात्री वगळलेलंच बरं. टायमरवर ‘रात्रभर’ लावून मोकळं होणारे इथेच फसतात.

बाकीचे तोटेही मोजून घ्या. हरितगृहाच्या कागदात उन्हापासून बचाव करणारी जी द्रव्यं असतात ती गंधकाने निकामी होतात, आणि बरेच कागद बनवणारे गंधकाची मर्यादा ओलांडली की हमी नाकारतात. खरेदीच्या कागदपत्रात ती मर्यादा पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) दिलेली असते, यंत्र घेण्याआधी वाचा. तांब्याच्या तारा, रिलेचे संपर्कबिंदू आणि आर्द्रतेचे सेन्सर काळे पडतात. नियंत्रण पेटी हरितगृहाबाहेर किंवा घट्ट बंद डब्यात हवी. बंदिस्त खोलीत दिव्यांवर पीक घेणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. एअर कंडिशनरच्या तांब्याच्या नळ्या, डीह्युमिडिफायर, कार्बन फिल्टर, सगळंच गंधक ओढून घेतं. चार चौरस मीटरच्या तंबूत 100 चौरस मीटरचं यंत्र लावणं हा तर निव्वळ अतिरेक. तिथे हातपंपाची फवारणी बरी.

मित्रकीटक सोडले असतील तर गाठ आणखी पक्की बसते. परभक्षी कोळी आणि परोपजीवी गांधीलमाश्या यांना गंधक कमी-जास्त प्रमाणात बाधतं, त्यामुळे कीटक पुरवणाऱ्याकडून त्या-त्या जातीची माहिती आधी घ्यावी. परागीभवनासाठी भुंग्यांची पेटी असेल तर यंत्र चालू करण्याआधी ती बंद करून बाहेर न्या. तेलाची फवारणी झाली असेल तर निदान दोन आठवडे गंधक नको, पानं भाजतात. दिवसा 30-32 अंशांच्या वर पारा जात असेल तरीही हात आखडता घ्या. खरबुजाच्या आणि काकडीच्या काही वाणांना गंधक सोसत नाही, म्हणून पहिल्या रात्री एकाच कोपऱ्यातलं एक यंत्र लावून चोवीस तास थांबावं.

80 टक्के गंधकाच्या फवारणीशी तुलना केली तर व्हेपोरायझरचा खरा फायदा ओलाव्याचा आहे. पानं भिजत नाहीत, फुलांवर थेंबांचे डाग पडत नाहीत, मजुरी वाचते. पण फवारणी हवी तिथे नेमकी मारता येते, आणि लागलेल्या चार ओळींसाठी सगळं घर कोंडावं लागत नाही. सुरुवात एखाद्या कोपऱ्यातून झाली असेल तर आधी लागलेली पानं पिशवीत तोडून घ्या, तेवढ्या ओळी फवारा, आणि मग यंत्र.

देखभालीत कप हाच कमकुवत भाग. आतला लेप उडाला की अ‍ॅल्युमिनियम खडबडीत होतं आणि गंधक चिकटून राहतं. लोखंडी उलथण्याने खरवडू नका. थोडं गरम करून गंधक पातळ झालं की कोरड्या लोखंडी पत्र्यावर ओता, पत्रा ओला असता कामा नये. गार झालेली वडी स्वच्छ असेल तर पुन्हा वापरता येते, काळी असेल तर टाकून द्या. घेतानाच प्रत्येक यंत्रामागे एक जादा कप मागून घ्या, आणि कप सुटा मिळत नाही असं विक्रेता म्हणाला तर दुसरं यंत्र बघा.