मोसंबीच्या फोडी काढायचं यंत्र घेताना झालेली फसवणूक

कोल्हापुरात सणासुदीच्या आगेमागे गृहोपयोगी वस्तूंची प्रदर्शनं लागतात. अशाच एका प्रदर्शनात मोसंबीच्या फोडी काढायचं हातातलं यंत्र आमच्या गळ्यात मारलं गेलं. रक्कम पाचशेच्या आतली आहे, पण फसवायची पद्धत इतकी पद्धतशीर आहे की ती सगळ्यांना कळायलाच हवी. ज्यांच्या घरात वयस्कर माणसं आहेत त्यांनी तर नक्की वाचा, कारण तो विक्रेता गर्दीतून नेमकी तीच माणसं हेरत होता.

असलं यंत्र लागतं कशाला, असं कुणालाही वाटेल. नागपुरी संत्र्याला ते लागतच नाही. त्याची साल सैल असते, नखानं निघते आणि फोडी आपोआप सुट्या होतात. मोसंबीची गोष्ट वेगळी. साल फळाला घट्ट धरून असते, तिच्याखाली पांढरा थर आणि प्रत्येक फोडीभोवती चिवट पापुद्रा. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, कवळी आहे. हा पापुद्रा कवळीखाली जाऊन बसतो आणि हिरडीला टोचतो. पूर्वी त्या स्वतः एकेक फोड सोलून खायच्या, पण संधिवातानं बोटं आखडल्यापासून ते जमत नाही. रस काढून दिला तर म्हणतात, "रस औषधासारखा लागतोय, मला फोडच दे." त्यात मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळानं कडवट होतो, त्यामुळं सकाळी काढून ठेवून दुपारी देणंही शक्य नसतं.

त्या गाळ्यापुढं आत्यांची आखडलेली बोटं त्या माणसानं लांबूनच पाहिली. "मावशी, इकडं या. हात दुखतात न्हवं? जोर लावायचाच न्हाई बघा, नुसतं दाबायचं." चिमट्यासारखी मूठ, टोकाला दोन पातळ पाती आणि त्यांच्यामधे बारीक फट. अर्ध्या कापलेल्या मोसंबीत त्यानं ते खुपसलं, मूठ दाबली, उचललं, आणि पापुद्र्याविना स्वच्छ फोड ताटलीत. मग दुसरी, मग तिसरी. आत्यांच्या हातात यंत्र देऊन त्यांच्याकडूनही एक फोड काढून घेतली. त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. वर त्यानं पात्याला लोहचुंबक लावून दाखवला. चिकटला नाही. "तीनशे चार नंबरचं स्टील हाय, गंजायचं नावच न्हाई." खोक्यावर किंमत १,२९९, प्रदर्शनात ४९९. पण रोख. मोबाइलवरून देते म्हटलं तर "नेटवर्क न्हाई". बिल मागितलं तर "वॉरंटी कार्ड हेच बिल, वहिनी".

घरी येऊन मोसंबी कापली. पाती आत जाईचनात. जोर लावला तेव्हा रस उडाला आणि फोडीचा चोथा झाला. आत्यांच्या बोटांना तर ती मूठ अर्धीही दाबेना. धुऊन ओट्यावर ठेवलं होतं, सकाळी पाहिलं तर पाती जिथं रिबिटनं जोडली होती तिथं तांबूस डाग. फ्रिजवरचा अंबाबाईचा चुंबक काढून पात्याला लावला, तो खटकन चिकटला. एक सांगते, नुसत्या चुंबकावरून पातं भलं की बुरं ते ठरत नाही. चांगल्या सुऱ्यांच्या पोलादालाही चुंबक चिकटतो. पण गाळ्यावरच्या पात्याला चिकटला नव्हता आणि आमच्या पात्याला चिकटला, म्हणजे दाखवायची वस्तू एक आणि खोक्यातली दुसरी, एवढं त्यावरून उघड झालं.

पुढचं सगळं खोक्यावर सापडलं. १,२९९ चा स्टिकर नखानं खरवडला तर खाली छापील किंमत १८० रुपये! छापील किमतीवर जास्त किमतीचा स्टिकर चिकटवायला कायद्यात परवानगी नाही. किंमत कमी केली असेल तर स्टिकर चालतो, पण तेव्हाही मूळ किंमत झाकायची नसते. आवेष्टित, म्हणजे खोक्यात-पाकिटात बंद करून विकायच्या वस्तूंचे २०११ चे नियम आहेत. त्यांनुसार खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, वस्तू बाहेरची असेल तर कुठल्या देशातली ते, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला लागतो. आमच्या खोक्यावर यातलं पुसट १८० सोडून काही नव्हतं. फळांचं रंगीत चित्र मात्र चारी बाजूंनी होतं.

प्रदर्शन अजून चालू होतं. मी कपिलतीर्थ मार्केटमधून मोसंबी घेतली आणि यंत्र घेऊन थेट गाळ्यावर गेले. म्हटलं, माझ्या या फळावर तुमच्या हातानं करून दाखवा. त्यानं फळ हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, "ही कच्ची हाय, वहिनी. पिकलेली आणा." मग तुमचं फळ माझ्या यंत्रानं कापा, म्हटलं. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी बाजूला सरकून उभी राहिले, तेव्हा गाळ्याच्या मागचा पडदा अर्धवट उघडा दिसला. आत एक पोरगा स्टुलावर बसला होता. समोर ओल्या फडक्याखाली टब, त्यात अर्ध्या केलेल्या मोसंब्या. तो एकेक अर्धी तळहातावर घेऊन बारीक अणकुचीदार सुरीनं प्रत्येक पापुद्र्याच्या दोन्ही अंगांनी चीर पाडत होता, मग कडेनं सालीलगत गोल फिरवत होता. फोडी जागच्या जागी बसलेल्या, वरून बघणाऱ्याला फळ अखंड वाटावं अशा. पुढं मांडलेल्या टोपलीतलं फळ कुणी उचलतच नव्हतं, प्रत्येक वेळी हात टेबलाखाली जात होता. आत्यांच्या हातून निघालेली फोड त्या पोरानं आधीच कापून ठेवली होती. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. दुखऱ्या हाताच्या म्हातारीला "बघा, तुम्हाला जमलं" असं दाखवून तिचे पैसे घ्यायचे!

अशी वस्तूच मुळात खोटी असते असं नाही. ग्रेपफ्रूटसाठी जोडपात्यांची सुरी परदेशात वापरतात. फळ आडवं अर्धं करायचं, पापुद्रा दोन पात्यांच्या फटीत धरून खाली दाबायचं आणि मग वाकड्या पात्यानं कडेनं फोड सोडवायची. पण तिथं फळ मोठं, फोडी जाड आणि पाती धारदार. आपल्या लहान, बियांच्या मोसंबीत जाड बोथट पाती घातली तर चोथाच व्हायचा.

वॉरंटी कार्डावरच्या नंबरला फोन केला, तिथं दुसरा सापळा होता. पलीकडचा गोड बोलून म्हणाला, पैसे परत मिळतील, एक कोड पाठवतो तो स्कॅन करा आणि तुमचा पिन टाका. मी तिथंच फोन ठेवला. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, आपल्या खात्यात पैसे यायचे असतील तर ना कोड स्कॅन करावा लागतो ना पिन टाकावा लागतो. शेजारच्या काकांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून इथं मुद्दाम लिहिते. असे पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवायचं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला तेव्हा पहिला प्रश्न आला, विक्रेत्याचं नाव-पत्ता काय? रोखीचा आग्रह, बिल नाही, खोक्यावर पत्ता नाही, हे सगळं कशासाठी होतं ते तेव्हा उमगलं. तक्रार कुणाविरुद्ध करायची हाच धागा त्यांनी ठेवला नव्हता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. म्हणजे "प्रदर्शनात बिल नसतं" हे वाक्य कुणीही तोंडावर फेकलं तरी मुकाट ऐकून घेऊ नका.

आयोजकांनी आधी हात वर केले. आम्ही फक्त जागा देतो, म्हणाले. पण गाळा भाड्यानं देताना कुणाचं तरी नाव लिहून घेतलेलं असणारच. लेखी अर्ज दिला, पोच मागितली, तेव्हा ते नाव मिळालं. त्या नावानं हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि खरवडलेल्या स्टिकरच्या फोटोसह वैधमापन शास्त्र विभागाकडं, म्हणजे वजनमापं आणि छापील किमती तपासणाऱ्या सरकारी खात्याकडं, अर्ज दिला आहे. निकाल अजून यायचा आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, त्यामुळं गरज पडली तर तिथंही जाणार.

आत्यांना आता मी साध्या धारदार सुरीनं फोडी काढून देते. फळाची दोन्ही टोकं कापून ते उभं करायचं, साल पांढऱ्या थरासकट वरून खाली उतरवायची. मग फळ हातात धरून पापुद्र्याच्या एका अंगानं मधापर्यंत चीर, दुसऱ्या अंगानं चीर, की फोड आपणहून सुटते. उरलेला पापुद्र्याचा गोळा पिळून रस लगेच पिऊन टाकायचा.

ज्यांनी असलं यंत्र घेतलंय त्यांनी खोकं फेकू नका. स्टिकर हळूच सोडवा, खाली काय छापलंय त्याचा फोटो काढा आणि आपापल्या नावानं वेगळी तक्रार करा. पुढच्या प्रदर्शनात कुणी दाखवत असेल तर पिशवीतली आपली मोसंबी काढा आणि जे खोकं घरी न्यायचं तेच त्याला फोडायला लावा.