रोटरी की लायन्स?

दोन्ही समाजसेवा करणारे क्लब, मग मेंबर कुठे व्हायचं? बाहेरून बघितलं तर दोन्ही सारखेच वाटतात, कोटाला पिन, मीटिंगला घंटा आणि दर १ जुलैला नवा अध्यक्ष. जन्मगावही एकच, शिकागो. रोटरी १९०५ ची, पॉल हॅरिस या वकिलाने सुरू केलेली, आणि नाव पडलं कारण सुरुवातीला मीटिंग आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात व्हायची. लायन्स १९१७ चं, त्यामागे मेल्विन जोन्स, विमावाला माणूस.

रोटरीत मुळात प्रत्येक व्यवसायातला एकच मेंबर असायचा, म्हणजे एक डॉक्टर, एक वकील असं, आता ते बरंच सैल झालंय पण व्यवसायाचं वेड अजून आहेच. लायन्समध्ये सगळा जोर डोळ्यांवर, कारण १९२५ च्या अधिवेशनात अंध-बधिर लेखिका हेलन केलरने त्यांना अंधांसाठी काम करायला सांगितलं आणि त्यांनी ते खरंच मनावर घेतलं. मोतीबिंदू शिबिर, जुने चष्मे गोळा करणं, सगळं तिथूनच. रोटरीचं असं एकच मोठं काम म्हणजे पोलिओ, १९८५ पासून.

रचना सेमच हो, क्लब, त्यावर डिस्ट्रिक्ट म्हणजे बऱ्याच क्लबांचा गट, त्याचा गव्हर्नर म्हणजे प्रमुख एका वर्षापुरता. लायन्समध्ये मधे झोन वगैरे पायऱ्या असतात, पदं भरपूर, फोटोही भरपूर 😄 बायकांना मात्र दोघांनीही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आत घेतलं, हे जरा लाजिरवाणंच.

मला विचाराल तर आधी दोन्हीकडे पाहुणा म्हणून एकेक मीटिंग बसा, कारण एकाच संस्थेचे दोन क्लबही एकमेकांसारखे नसतात.