‘संशोधनात सहभागी व्हा’ म्हणाले आणि साडेचार हजार घेऊन गेले

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर जानेवारीत एक टेबल लागलं होतं. पांढऱ्या कोटातली दोन मुलं, मागे फ्लेक्स: ‘निरोगी प्रौढांच्या आतड्यांवर संशोधन, स्वयंसेवक हवेत’. मला कसलाच त्रास नव्हता. नाशिककर आहे, रविवारी मिसळ हाणून सोमवारी ठणठणीत. पण ‘संशोधन’ म्हटलं की आमची पिढी जरा वाकतेच. ९० दिवस रोज पावडर घ्यायची, दर आठवड्याला फॉर्म भरायचा, ४,५०० रुपये डिपॉझिट शेवटी परत. पैसे भरले, सही ठोकली. सही केलेल्या कागदाची प्रत मागायचंही सुचलं नाही. खऱ्या चाचणीत ती आपणहून देतात, आणि भाग घेणाऱ्याकडून पैसे तर घेतच नाहीत.

लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सातपूरच्या कारखान्यात मी ३० वर्षं क्वालिटीत काढली. मास्टर पीसशी ताडून बघितल्याशिवाय एक नग पास केला नाही. आणि इथे तुलना कशाशी, हे विचारलंच नाही. अशा चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडतात. एकाला खरी पावडर, दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण आत औषधाचा कणही नसलेली. कुणाला काय मिळालं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि देणाऱ्यालाही. आम्हा सगळ्यांच्या हातात मात्र एकच निळा डबा. वर सूचना: मैदा बंद, रात्रीचं जेवण आठच्या आत, रोज चालायचं. एवढं केल्यावर डब्यात राख असती तरी पोट हलकं वाटलं असतं! फॉर्मवर प्रश्न एकच, ‘किती फरक पडला?’ थोडा, बराच, खूप. ‘काहीच नाही’ला चौकोनच नव्हता.

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर होता. मी त्याला सरकारी शिक्का समजलो. तो धंद्याचा परवाना असतो, गुणाचा दाखला नव्हे.

सकाळी पोट झकास साफ व्हायचं, हे खरं. महिनाभराने मुरडा सुरू झाला. आमच्या डॉक्टरांनी डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली: सोनामुखी. ‘अहो काका, हे जुलाबाचं औषध आहे. शौचाला दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं नॉर्मलच धरतात. तुमचं सुधारायचं होतं काय?’

डिपॉझिट मागितलं. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘काका, पाचव्या आठवड्याचा फॉर्म आला नाही, तुम्ही बाद.’ तो आठवडा मी पोट धरून अंथरुणात होतो.

नंतर मुलाने सीटीआरआयवर शोधलं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची चाचण्यांची ही नोंदवही २००७ पासून आहे, कुणालाही फुकट बघता येते. आमचं ‘संशोधन’ तिथे नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे, बघू.

ते टेबल आता इंदिरानगरच्या ट्रॅकवर लागतं म्हणे. मागच्या फ्लेक्सवर माझाच फोटो आहे, हसरा, आणि खाली: ‘खूप फरक पडला’.